मोलचा ‘किल्ला’ : एका आकृतीचा इतिहास

युरोपातील मोल (टाल्पा युरोपिया) या सस्तन प्राण्याविषयीच्या ग्रंथांत दीर्घकाळ छापल्या गेलेल्या एका आकृतीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हा प्राणी महाराष्ट्रात आढळत नाही. ‘मोल’ म्हटले की आपल्याला किंमतच आठवते. आपल्या परिचयाची चिचुंद्री मात्र त्याच्याच गणातील होय. काळी मखमली लव, फावड्यासारखे पुढचे पंजे, बारीक डोळे आणि मुख्यतः गांडुळांचा आहार ही त्याची वैशिष्ट्ये. १७५८ मध्ये लिनियसने त्याचे शास्त्रीय नामकरण केले. परंतु जमिनीखालील त्याच्या जीवनाची माहिती विद्वानांपेक्षा मोल पकडणाऱ्यांनाच अधिक होती.

फ्रान्समधील आंरी ल कूर हा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. राज्यक्रांतीपूर्वी तो राजदरबाराशी संबंधित होता; पुढे खेड्यात राहून त्याने मोलचा ध्यास घेतला. त्याच्या माहितीवर आधारलेले कादे द वो यांचे पुस्तक १८०३ मध्ये निघाले. त्याचा हेतू मोलचा नायनाट हा होता, हे विसरता येत नाही. प्राणिशास्त्रज्ञ झोफ्रुआ सेंत-इलेर यांनीही ल कूरची दखल घेतली आणि १८२९ च्या आपल्या ग्रंथात मोलच्या मोठ्या ढिगाऱ्याचे, म्हणजे ‘किल्ल्या’चे, वर्णन दिले. मधोमध निवासकक्ष, त्याभोवती एकावर एक अशी दोन वर्तुळाकार भुयारे, वरच्या भुयारातून कक्षाकडे तीन व खालच्या भुयाराकडे पाच वाटा, अशी ती रचना. एखाद्या स्थापत्यविशारदाने आखावी इतकी ती रेखीव होती, आणि बहुधा म्हणूनच लोकप्रिय झाली. जर्मन व इंग्रजी ग्रंथकारांनी ती पिढ्यान्‌पिढ्या उतरवून घेतली. प्रत्यक्ष ढिगारा खणून पाहण्याची तसदी फारच थोड्यांनी घेतली.

ती लायोनेल ॲडम्स यांनी घेतली. १९०३ मध्ये मँचेस्टरच्या साहित्य व तत्त्वज्ञान संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी आपली निरीक्षणे मांडली. खणलेल्या ढिगाऱ्यांत त्यांना तशी भूमितीय रचना आढळली नाही. प्रत्येकाची ठेवण निराळी होती. घरटे व भुयारे खोदताना निघालेली माती वर लोटण्याच्या ओघातच आतील वाटा तयार होतात, असा त्यांचा खुलासा होता. ‘किल्ला’ हा शब्द तेवढा टिकला.

जिवंत मोलचा भुयारातील वावर टिपण्यास आणखी अर्धशतक लागले. १९५० च्या दशकात गिलियन गॉडफ्रे यांनी मोलना किरणोत्सारी कडी बसवून, वरून गायगर गणकाने त्यांचा माग काढला. साधारणतः चार तास हालचाल व जवळपास तितकीच विश्रांती असा क्रम दिवसरात्र चालतो, असे त्यांना दिसून आले.