निशाणी डावा अंगठा

जुन्या मराठी कागदांच्या शेवटी पाटलाची सही नसते, नांगराचं चित्र असतं. निशाणी नांगर. मजकूर कुळकर्णी लिहायचा, खाली पाटलाचा नांगर यायचा. आता नांगर काय, कुणीही काढील. तरी तो चालायचा, कारण गोतसभेला बसलेली माणसं त्या पाटलाला ओळखत, त्याच्या बापाला ओळखत. खोटा कागद करायचा तर अख्खं गोत फितवावं लागे.

राजाचा कागद मात्र अनोळखी मुलखात जायचा. म्हणून त्याला वर शिक्का आणि शेवटी मोर्तब. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरं आहेत. मजकूर इथं संपला. याच्या खाली कुणी ओळ घुसडली तर ती बनावट. कागदाच्या सुरक्षेचा इतका साधा आणि पक्का उपाय मला दुसरा माहीत नाही.

ओळखणाऱ्या माणसांवर भिस्त ठेवायची म्हटलं तर तीही कधी दगा देते. पानिपतावर 1761 मध्ये सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही. भाऊ जिवंत असतील या आशेवर एक तोतया उभा राहिला. त्याला रत्नागिरीला कैदेत ठेवलं, तर 1776 मध्ये तिथल्या सुभेदारानंच सोडून दिलं आणि कोकणातले किल्ले भराभर त्याच्या हाती गेले. भाऊंना पाहिलेली माणसं तेव्हा हयात होती. काहींना तो खरंच भाऊ वाटला, काहींना तसं वाटणं सोयीचं होतं. अखेर महादजी शिंद्यांच्या फौजेनं बंड मोडलं आणि त्याच वर्षी तोतयाला देहदंड झाला. दुसऱ्याचं नाव चोरण्याचं एवढं मोठं प्रकरण मराठी इतिहासात मला तरी दुसरं दिसत नाही.

आमचं गाव उमरी, निजामाच्या राज्यातलं. उमरीचं नाव काढलं की लोकांना बँकेवरची धाड आठवते: 30 जानेवारी 1948. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांनी बँकेतली लाखोंची रक्कम उचलली आणि ती स्टेट काँग्रेसच्या लढ्याला दिली. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला सांगायचंय ते त्या काळातल्या कागदांबद्दल. दफ्तराची भाषा उर्दू, शेतकरी मराठी बोलणारा. स्वतःच्या जमिनीच्या कागदावर काय लिहिलंय ते मालकाला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागे. आपला कागद दुसऱ्याच्या हातात द्यायची सवय आम्हाला तेव्हापासूनची आहे, आणि त्यात गैर काही वाटतही नसे. 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना पुन्हा भाव आला.

माझे वडील दस्तलेखक होते. खरेदीखत, इसारपावती, वाटणीपत्र लिहून झालं की शेवटच्या पानावर पेन्सिलीनं बारीक फुली करायचे. "मामा, हितं." मग त्या माणसाचा अंगठा स्वतःच्या हातात धरून पॅडवर टेकवायचे, कागदावर एका कडेनं दुसरीकडे हलकेच फिरवायचे. दाबायचे नाहीत, दाबला की नुसता काळा डाग उठतो. शेजारी लिहायचे, 'निशाणी डावा अंगठा.' पण त्यांचा सगळा जीव खालच्या दोन सह्यांत, ओळख पटवणाऱ्यांच्या. "अंगठा कुनाचाबी उठतो, वळखणारा कोण हाय ते सांगा," म्हणायचे.

खरं तर शास्त्र अंगठ्याच्याच बाजूनं होतं. ठशांवरून माणूस पटवणारी कचेरी कलकत्त्यात 1897 मध्येच निघाली आणि वर्गीकरणाची किचकट पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचा मोठा वाटा होता. पण दुय्यम निबंधकाच्या कचेरीत ठसा जुळवून बघायला कुणाला सवड? ठसा दप्तरात पडून राही, काम साक्षीदारावर चाले.

29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार वाटलं गेलं आणि हा क्रम उलटला. आता अंगठा बोलतो, साक्षीदार लागत नाही. यंत्रावर बोट टेकवलं की बँकेतले पैसे गावातच हातात पडतात, म्हातारीला तालुक्याला हेलपाटा नाही. ही सोय खोटी नाही. मी स्वतः उमरीत सेवा केंद्र चालवते, रोज बघते. मात्र वडील जपून उठवायचे तसे ठसे आता नको तिथं दिसायला लागले. 2018 मध्ये शेजारच्या तेलंगणात, हैदराबादच्या पोलिसांनी सिमकार्डं विकणाऱ्या एकाला पकडलं. त्यानं नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून जमिनीचे दस्त उतरवून घेतले होते. दस्तावर नाव, आधार क्रमांक, अंगठा, सगळं एकाच जागी. रबरी शिक्के बनवायच्या यंत्रावर त्यानं लोकांचे अंगठे पाडले आणि ते लावून त्यांच्या नावानं सिमं चालू केली. पुढे अशाच नकली अंगठ्यांनी खात्यांतले पैसे गेल्याच्या तक्रारी देशभर आल्या. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठा कुठून बदलायचा?

सगळी चोरी इतकी कारागिरीची नसते. "सर्व्हर गेलंय आजी, परत लावा," असं म्हणून दोनदा बोट टेकवून घ्यायचं आणि पैसे एकदाच हातात द्यायचे, हा प्रकार जास्त. आजीला पावती वाचता येत नाही. उर्दू कागदासमोर तिचा सासरा बसायचा तशीच ती बसते.

माझ्याकडे झेरॉक्स मागायला येणाऱ्यांना मी पहिले आठ आकडे झाकलेलं आधार काढून देते. प्रत कशासाठी दिली ते तिच्यावरच तारखेसह लिहायला लावते, मोर्तबच म्हणा. पैसे गेलेच तर आधी 1930 या सायबर मदत क्रमांकाला फोन. अंगठ्याला आधारच्या ॲपमधून कुलूपही घालता येतं. पण कुलूप घातलं की रेशनच्या दुकानातलं यंत्र तो अंगठा घेत नाही. तात्पुरतं उघडायचं तर ओटीपी लागतो आणि उघडलेलं कुलूप 10 मिनिटांत पुन्हा बसतं.

परवा एका मामांना हे समजावून सांगत होते. त्यांचं डोकं तल्लख, लगेच विचारलं, "ओटीपी येतो कुठं?" पाहिलं तर आधारला जोडलेला नंबर पुण्याला कंपनीत असलेल्या नातवाचा, आणि त्याच नंबरावर घरातल्या चौघांची आधारं. नातू शिफ्टवर होता, फोन लॉकरमध्ये. मामा म्हणाले, "म्हंजे किल्ली त्याच्यापाशी. ताई, तुमचाच नंबर टाका की माझ्या आधारला." मी नाही म्हटलं. त्यांना राग आला, दोन दिवस दुकानावरून तोंड फिरवून गेले. आता स्वतःच्या नावाचं सिम घ्यायला कबूल झालेत, फक्त ते घेतानाही अंगठा लावावा लागेल, हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.