अर्धी मैना

'माझी मैना गावावर राहिली' मी पहिल्यांदा ऐकलं ते घाटकोपरला, आमच्या चाळीच्या गणपतीत. गाणारा हौशी होता, आवाज चांगला होता, टाळ्याही भरपूर पडल्या. वडील मात्र घरी येईपर्यंत गप्प. मग म्हणाले, "अर्धंच गायला रे."

मला काही कळलं नाही. बायकोला गावी ठेवून पोटासाठी मुंबईला आलेल्या गड्याचं गाणं, आता आणखी काय हवं?

अण्णाभाऊ साठे आमच्यापासून दहा मिनिटांवर, चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहायचे, हेही तेव्हा ठाऊक नव्हतं. शाळेत ते कधी भेटलेच नाहीत. (ते स्वतःही शाळेत जेमतेम दीड दिवस गेले म्हणतात, म्हणजे फिट्टंफाट!) जन्म 1 ऑगस्ट 1920, वाटेगाव. लहानपणी घरच्यांबरोबर चालत मुंबईला आले, हमाली केली, गिरणीत राबले. 1943 मध्ये स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला. ते शहर पाहिलेलं नाही, पण लढणारा माणूस ओळखीचा होता. प्रत्यक्ष रशियाला गेले ते थेट 1961 मध्ये.

1944 मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. इथे त्यांनी जे केलं ते मला फार मोठं वाटतं. तमाशात आधी गण, मग गवळण. अण्णाभाऊंनी गणातला गणपती काढून तिथे मातृभूमी आणि हुतात्मे बसवले, गवळण तर गाळूनच टाकली. ढोलकी मात्र तीच. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली, तेव्हा तोच खेळ 'लोकनाट्य' म्हणून उभा राहिला. प्रेक्षक तेच, कामगार वस्त्यांमधले.

सिनेमानेही त्यांना उचललं, पण कादंबऱ्यांसाठी. 'वैजयंता' 1961 मध्ये आला, 'फकिरा' 1963 मध्ये. 'वारणेचा वाघ' पडद्यावर आला तेव्हा ते हयात नव्हते. 18 जुलै 1969 ला गोरेगावात गेले, वय अवघं 48. कादंबऱ्या तीसच्या वर आणि हातात काही नाही. यावर लोक हळहळून लिहितात, मला ती हळहळ जरा सोयीची वाटते. 2002 मध्ये त्यांचं टपाल तिकीट निघालं, तेव्हा मी हौसेने दोन घेतली. म्हणजे मीही त्यातलाच.

असो. मैनेकडे येतो.

ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली. वरवर विरहाची आहे, दागिन्यांची वर्णनं, मुंबईची चमक, सगळं आहे. पण शेवटाकडे मैना बाई उरत नाही, ती मुलूख होते. 1956 मध्ये बेळगाव, कारवार, निपाणी म्हैसूर राज्यात गेली, तो तुटलेला मुलूख. गड्याची आणि मैनेची ताटातूट ती हीच. कार्यक्रमांत नेमका हाच भाग गळतो, कारण गाणं लांबतं आणि लोकांना ठेका हवा असतो.

वडील निपाणीचे. 1 मे 1960 ला ते इथेच होते, सगळ्यांबरोबर नाचलेही असतील. निपाणीचं घर अजून आहे, काकांकडे. गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा वाटेतल्या दुकानांच्या पाट्या मला वाचता येईनात. चुलतभावाने वाचून दाखवल्या.