वेम्ब्लीतील पाच गाणी : 'क्वीन'चे पहिले डेमो

'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा पहिला अल्बम १३ जुलै १९७३ रोजी बाजारात आला. मात्र या चौघांनी आपली गाणी प्रथम नीट ध्वनिमुद्रित केली ती त्याआधी दीड वर्षापेक्षा अधिक काळ, १९७१ च्या उत्तरार्धात. लंडनच्या वेम्ब्ली भागातील 'डी लेन ली' स्टुडिओत झालेले हे पाच गाण्यांचे डेमो अनेक वर्षे केवळ संग्राहकांच्या वर्तुळात फिरत राहिले.

ही संधी त्यांना मिळाली ती एका देवाणघेवाणीतून. डी लेन लीची वेम्ब्लीतील वास्तू नवी होती. एका दालनातील आवाज शेजारच्या दालनात झिरपतो का, यंत्रसामग्री ताण सोसते का, हे तपासण्यासाठी मोठ्या आवाजात वाजवणारा बँड हवा होता. 'क्वीन'जवळ आवाज भरपूर होता आणि पैसे नव्हते. चाचणीसाठी वाजवायचे आणि त्या बदल्यात आपली गाणी विनामूल्य मुद्रित करून घ्यायची, असे ठरले. बेसवादक जॉन डीकन त्याच वर्षी बँडमध्ये दाखल झाला होता. म्हणजे फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे, रॉजर टेलर आणि डीकन हा पुढे जगभर गाजलेला संच येथेच प्रथम गंभीरपणे स्टुडिओत उतरला.

'कीप युअरसेल्फ अलाइव्ह' आणि 'द नाइट कम्स डाउन' ही गाणी मे याची, तर 'ग्रेट किंग रॅट', 'जीझस' आणि 'लायर' ही मर्क्युरीची. झांझिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्मलेला आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स या अँग्लिकन वसतिशाळेत शिकलेला फारुख बलसारा म्हणजेच हा मर्क्युरी. येशूवरील गाण्याचे मूळ त्या शाळेत शोधण्याचा मोह होतो. पण तो मोहच म्हणावा लागेल.

हे डेमो घेऊन बँडने कंपन्यांचे उंबरे झिजवले. क्रिसलिसने देऊ केलेला प्रस्ताव त्यांनी अपुरा वाटल्याने नाकारला. अखेर 'ट्रायडंट' स्टुडिओच्या शेफिल्ड बंधूंनी त्यांना हाताशी धरले. पण त्यांना स्टुडिओ मिळे तो इतर गिऱ्हाइके नसतील तेव्हा, बहुधा रात्री-अपरात्री. रॉजर टेलरला ड्रम वाजवावे लागत ते एका कोंदट कक्षात, आवाज दाबून टाकलेले. बँडला हवा होता तो मोकळा, घुमणारा नाद. तो तेथे मिळाला नाही, ही खंत मे याने पुढे अनेकदा बोलून दाखवली. 'कीप युअरसेल्फ अलाइव्ह'ची नवी आवृत्ती करूनही डेमोतली जान तिच्यात उतरली नाही, असे त्याचे मत होते.

'द नाइट कम्स डाउन'च्या बाबतीत तर हट्ट फळाला आला. ट्रायडंटमधील नव्या प्रयत्नाऐवजी अल्बमवर गेले ते डी लेन लीचे मूळ मुद्रणच. त्याचा ध्वनिमुद्रक होता लुई ऑस्टिन. म्हणजे १९७३ पासून हा अल्बम ऐकणाऱ्या प्रत्येकाने नकळत एक डेमो ऐकलेलाच आहे!

बाकीची चार गाणी शेजारी ठेवून ऐकली, तर फरक लगेच जाणवतो. 'कीप युअरसेल्फ अलाइव्ह'च्या आरंभी अकूस्टिक गिटार आहे. 'लायर' अल्बमवर सुमारे साडेसहा मिनिटांचे, डेमोत जवळपास आठ मिनिटांचे. 'जीझस'ही अल्बमपेक्षा मिनिटभराहून अधिक लांब. काटछाट झालेल्या या जागांमध्ये बँड अजून आपला मार्ग चाचपडताना दिसतो, आणि तेच ऐकण्यासारखे आहे.

मे याने एक ॲसिटेट तबकडी जपून ठेवली होती. ॲल्युमिनियमवर लाखेसारखा थर देऊन कोरलेली ही तबकडी दर वेळी वाजवताना थोडी झिजते. त्यामुळे ती वर्षानुवर्षे टिकली हेच विशेष. तिच्यावरून तयार केलेली पाचही गाणी २०११ मध्ये पहिल्या अल्बमच्या नव्या आवृत्तीसोबत प्रथमच अधिकृतपणे प्रसिद्ध झाली. तबकडीची खरखर तीत अधूनमधून ऐकू येते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये हाच अल्बम 'क्वीन वन' या नावाने नव्या मिश्रणासह पुन्हा आला. ट्रायडंटमध्ये दबलेले ड्रम त्यात मोकळे केले गेले आणि डी लेन लीच्या पाच गाण्यांचेही नवे मिश्रण संचात स्वतंत्रपणे देण्यात आले. मर्क्युरीला मात्र हा नाद ऐकायला मिळाला नाही. त्याचे निधन २४ नोव्हेंबर १९९१ रोजी झाले होते.