पत्ता नसलेला रुग्ण: वर्धा-वरोऱ्याच्या इतिहासातून सापडलेला एक प्रश्न



‘संशोधनाचा प्रश्न नेमका सापडतो कुठे?’ हे तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. आज माझा स्वतःचा प्रश्न कसा सापडला ते सांगतो.

नागपुरात आम्ही काही जण रविवारी सकाळी फूटपाथवर राहणाऱ्या लोकांच्या जखमा धुऊन ड्रेसिंग करून देतो. गटात एक डॉक्टर आहे, बाकी सगळे माझ्यासारखे. मी सूक्ष्मजीवशास्त्राचा एम.एस्सी., म्हणजे जंतू ओळखीचे, पण रुग्णाला हात लावायची सवय नाही. एका आजोबांच्या तळपायाची जखम तीन रविवारांत छान भरत आली होती. चौथ्या रविवारी आजोबा जागेवर नव्हते. नंतर कधी दिसलेच नाहीत. औषध बरोबर होतं, पट्टी बरोबर होती. मग काय चुकलं?

उत्तर शोधायला मी लांब गेलो नाही. नागपूरहून रेल्वेने दक्षिणेकडे निघालात की वर्धा आणि मग वरोरा लागतं. घराबाहेर काढलेल्या रुग्णांवर डॉक्टर नसलेल्या माणसांनी उपचार केले, त्याचा मोठा इतिहास याच पट्ट्यात आहे. तो कुष्ठरोगाचा इतिहास आहे.

आधी कायदा बघा. १८९८ च्या लेपर्स अ‍ॅक्टने ‘पॉपर लेपर’ असा एक वर्ग तयार केला. उघड्यावर भीक मागणारा किंवा उपजीविकेचं साधन न दिसणारा कुष्ठरोगी, असा त्याचा अर्थ. जिथे कायदा लागू केला होता, तिथे पोलीस अशा माणसाला वॉरंटशिवाय पकडू शकत. आणि मूळ व्याख्येनुसार कुष्ठरोगी कोण? तर ज्याला व्रण पडायला लागले आहेत तो! आता विज्ञान आठवा. हान्सेनने १८७३ मध्येच या रोगाचा जंतू शोधला होता. हा जंतू मज्जातंतूंना इजा करतो, त्यामुळे हातापायाची संवेदना जाते. मग काटा रुतला, चटका बसला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. म्हणजे जखम हा संसर्गाचा मापदंड नव्हे, बधिरपणाचा परिणाम. घर, पैसा आणि चांगली चप्पल नसलेल्यालाच ती जास्त होणार. कायद्याने नेमकी तीच खूण पकडली.

या पार्श्वभूमीवर १९३६ मध्ये विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. दिवाण डॉक्टर नव्हते. पुढे सेवाग्राम आश्रमात संस्कृत पंडित परचुरेशास्त्री आले, त्यांना कुष्ठरोग होता. गांधीजींनी त्यांना कुटी बांधून दिली आणि स्वतः त्यांना मालिश केलं. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, पण करुणेची गोष्ट म्हणून. उपचाराची गोष्ट म्हणून वाचा ना! तेव्हा मुख्य औषध चालमोगऱ्याचं तेल होतं. त्याची इंजेक्शनं दुखायची, वर्षानुवर्षं घ्यावी लागायची आणि गुणाची खात्री नसायची. त्यामुळे धुणं, पट्टी, मालिश, जेवण आणि राहायला जागा हाच उपचाराचा मोठा भाग होता.

मग डॅप्सोन आलं. १९४० च्या दशकाच्या शेवटी ते पोटात घेता येतं हे स्पष्ट झालं. स्वस्त गोळी, सुई नको. स्वयंसेवक काय करू शकतो याची हद्दच बदलली. याच सुमारास वरोऱ्याचे वकील बाबा आमटे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचं शिक्षण घेऊन आले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि १९५१ मध्ये सहा रुग्णांसह आनंदवन उभं राहिलं. आनंदवनाने औषधासोबत पत्ता दिला. शेती, काम, शेजार दिला. रुग्ण उद्या कुठे सापडेल, हा प्रश्नच उरला नाही.

१९५१ मध्येच वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन सुरू झालं. डॉ. आर. व्ही. वारदेकर यांनी तिथे उलटा मार्ग धरला. रुग्णाला वसाहतीत आणायचं नाही, आपण त्याच्या गावी जायचं. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार अशी ही त्रिसूत्री. प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर जाऊन चट्टे तपासत, लोकांशी बोलत, गोळ्या देत. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमातही ही पद्धत वापरली गेली.

आता इथे थांबा. ‘घरोघर’ हा शब्द पुन्हा वाचा.

ज्याला घरच नाही, त्याच्या दारात कोण जाणार? आनंदवनाने पत्ता दिला, वर्ध्याची पद्धत पत्त्यावर पोचली. या दोन्हींच्या मधे, स्टेशनवर आणि पुलाखाली राहणारा माणूस उरतो. माझे आजोबा तिथेच हरवले होते. इतिहास वाचताना मला माझा प्रश्न सापडला तो या एका शब्दात.

आणि हा प्रश्न फक्त भावनेचा नाही. डॅप्सोन एकटंच, अनेकदा कमी मात्रेत आणि अनियमितपणे वापरलं गेलं. १९६४ मध्ये त्याला दाद न देणारे जंतू सिद्ध झाले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांचा एकत्रित उपचार सुचवला, म्हणजे एमडीटी. उपचाराला ठरावीक मुदत मिळाली. पण तेवढ्या मुदतीत तरी रुग्ण पुन्हा भेटायला हवाच! पुन्हा भेटणं हाही औषधाचाच भाग आहे.

तुम्ही विषय निवडत असाल तर यातून तीन गोष्टी घ्या. एक, ओळखीची गोष्ट दुसऱ्या अंगाने वाचा. दोन, कायद्यातली व्याख्या शब्द-शब्द तपासा. कोणाला मोजलं आणि कोणाला गाळलं, ते तिथेच कळतं. तीन, संस्थापकांची नावं सहज मिळतात. आनंदवनातल्या त्या पहिल्या सहा जणांबद्दल आपण काय विचारतो?

आमच्या गटाने आता एक साधी वही केली आहे. नाव, जखम, आणि ‘पुढच्या रविवारी कुठे भेटाल?’ हा एक रकाना. पुष्कळदा तो रिकामा राहतो. काही जण मात्र झाडाचं, चहाच्या टपरीचं, देवळाच्या पायरीचं नाव सांगतात. आम्ही तेच पत्ता म्हणून लिहितो.

तुमच्या गावात असा रिकामा रकाना कुठला आहे, ते शोधा. प्रश्न बहुधा तिथेच असतो.