टक्केवारी कोणाची? न्यूरोब्लास्टोमा आणि मूळपेशी प्रत्यारोपणाचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर एक गृहस्थ थांबले होते. आमचेच जुने विद्यार्थी. त्यांच्या तीन वर्षांच्या नातवाला न्यूरोब्लास्टोमा निघाला, तोही शरीरभर पसरलेला. डॉक्टरांनी टक्केवारी सांगितली होती. ते म्हणाले, "सर, तुम्ही आम्हाला तर्कशास्त्र शिकवलंत. चाळीस टक्के म्हणजे माझ्या नातवाचं नेमकं काय?" आम्हाला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आम्ही काही वैद्य नव्हे. पण हा प्रश्न वैद्यकाइतकाच तर्काचाही आहे, म्हणून आज त्याच्या इतिहासात शिरू.

या गाठी निरनिराळ्या नावांनी ओळखल्या जात. १९१० साली बोस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी दाखवलं की त्या सगळ्या अपरिपक्व मज्जापेशींतून उगवतात. न्यूरोब्लास्टोमा हे नाव त्यांचंच. आजार मुख्यतः पाच वर्षांखालच्या मुलांचा. गाठ बहुधा मूत्रपिंडावरच्या अॅड्रीनल ग्रंथीत असते, आणि कळते तेव्हा बरेचदा हाडांत, अस्थिमज्जेत पोहोचलेली असते.

१९७१ साली फिलाडेल्फियाच्या ऑड्री इव्हान्स यांनी आजाराचे टप्पे ठरवले. जितका पसरलेला तितका वाईट, असा साधा हिशेब. पण त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी एक वेगळा गट नोंदवला: यकृत, त्वचा, मज्जा इथे आजार पसरलेली तान्ही बाळं, आणि त्यांतल्या पुष्कळांची गाठ आपोआप विरून जायची! पुढे १९८४ मध्ये एन-मिक या जनुकाच्या वाढलेल्या प्रतींचा आणि पसरलेल्या आजाराचा संबंध दिसला. म्हणजे नाव एक, पण आत आजार अनेक. वय आणि जनुक विचारल्याशिवाय 'पसरलाय' या शब्दातून फारसं काही कळत नाही.

जपानने ऐंशीच्या दशकात सहा महिन्यांच्या बाळांची लघवी देशभर तपासायला घेतली. गाठी भराभर सापडल्या, मुलं बरी झाली, आकडे सुंदर दिसले. पण २००२ साली कॅनडातल्या क्विबेकचे आणि जर्मनीचे अभ्यास आले: अशा तपासणीने मृत्यू कमी होत नाहीत. सापडत होत्या त्या बऱ्याचशा आपोआप विरणाऱ्या गाठी. जपानने २००३ मध्ये ही तपासणी थांबवायचं ठरवलं. बरं होणारी मुलंच मोजली तर कोणताही उपाय गुणकारी दिसतो, बरं का.

आता प्रत्यारोपण. हा शब्दच मुळात दिशाभूल करतो. इथे दुसऱ्याचं काही बसवत नाहीत. मुलाच्या स्वतःच्या मूळपेशी आधी काढून गोठवतात, पूर्वी मज्जेतून, आता बहुधा रक्तातून. मग मेल्फालानसारखी औषधं इतक्या मोठ्या मात्रेत देतात की मज्जा जळून जावी. (मेल्फालानचं मूळ युद्धातल्या मस्टर्ड वायूच्या घराण्यात आहे.) त्यानंतर त्या पेशी सलाइनसारख्या शिरेतून परत सोडतात. उपचार म्हणाल तर ते विष. पेशी म्हणजे सुटकेची दोरी.

सुरुवातीचे अहवाल आशादायक होते. पण शंका अशी: प्रत्यारोपणापर्यंत पोहोचायला मुलाने आधीची केमोथेरपी सोसायला हवी, तिला दाद द्यायला हवी. वाटेतच गेली ती मुलं या हिशेबात येतच नाहीत. मग श्रेय उपचाराचं, की निवडीचं? उत्तरासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. अमेरिकेत १९९१ ते १९९६ या काळात ३७९ मुलांची अशी वाटणी झाली: निम्म्यांना प्रत्यारोपण, निम्म्यांना केमोथेरपीच पुढे चालू. कोणा आईवडिलांनी त्या कागदावर सही कशी केली असेल, याचा आम्ही नेहमी विचार करतो. कॅथरीन मॅथे आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये निकाल दिला: तीन वर्षांनी आजार न उलटलेली मुलं ३४ टक्के विरुद्ध २२ टक्के. २००९ मध्ये अधिक काळाचा हिशेब आला. आजार उलटण्यातला फरक टिकला. पण एकूण किती मुलं जगली, यातला फरक ठामपणे सिद्ध झाला नाही. दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि पालकांना दोन्ही सांगायला हवीत.

नंतर २०१० मध्ये अॅलिस यू यांच्या प्रतिपिंड उपचाराने दोन वर्षांचा आकडा ४६ वरून ६६ वर नेला. २०१९ साली लागोपाठ दोन प्रत्यारोपणांचा निकाल आला: तीन वर्षांनी ६१.६ टक्के, एकाच प्रत्यारोपणात ४८.४. पण त्या अभ्यासातल्या ६५२ मुलांपैकी चिठ्ठीपर्यंत आली ३५५. बाकीच्यांत कोणाचा आजार वाढला, कोणाच्या पालकांनी किंवा डॉक्टरांनी वेगळा निर्णय घेतला. म्हणजे ६१.६ हा आकडा निदानाच्या दिवशी हादरून बसलेल्या कुटुंबाचा नाही. बरीच वाट चालून आलेल्यांचा आहे. आणि वाचलेल्यांतही कोणाला ऐकू कमी येतं, कोणाची वाढ खुंटते. हे त्या टक्क्यात दिसत नाही.

परवा त्या गृहस्थांचा फोन आला. नातवाच्या पेशी गोठवून झाल्यात. त्यांनी डॉक्टरांना विचारलं म्हणे, हे चाळीस टक्के कोणत्या दिवसापासून मोजलेत, आणि कोणत्या मुलांत? डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि कोरा कागद घेतला. अर्धा तास बसले होते दोघं.

बरं, कोणाचे प्रश्न असतील तर आता घेऊ.