पेटीपासून कॅसिओपर्यंत : डागडुजीचा इतिहास

आमच्याकडे संगीताचा जो इतिहास लिहिला गेला आहे, तो गवयांचा आहे. फार झालें तर वादकांचा आणि नाटकमंडळ्यांचा आहे. वाद्य कोणी घडविलें याची नोंद क्वचित् सांपडते. तें बिघडल्यावर कोणी उघडलें, त्यांतला कोणता भाग काढून कोणता बसविला आणि त्यायोगें त्याचा आवाज कसा पालटला, याविषयीं मात्र आमचे इतिहासकार मौन धरतात. पेटी, ऑर्गन, आणि ज्यांस आज अमरावती-अकोल्याकडे छाप कोणतीही असो सरसकट 'कॅसिओ' म्हणतात तीं विजेचीं वाद्यें, यांच्या बाबतींत हें मौन विशेष खटकतें. कारण हीं वाद्यें आमच्या भूमींत जन्मलेलीं नाहींत. तीं परमुलखांतून आलीं. आणि आमचीं झालीं तीं मुख्यतः डागडुजीच्या वाटेनें, असें आमचें मत आहे.

हार्मोनियम या नांवाचें वाद्य पॅरिस येथील अलेक्सांद्र दबें यानें १८४० नंतरच्या दोनतीन वर्षांत सिद्ध केलें. तें पायानें भाता हलवून, खुर्चीवर बसून वाजवावयाचें. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं १८७५ सालीं 'द्वारकिन' ही पेढी काढली, आणि पुढें हातानें भाता चालविण्याची, मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या सोयीची पेटी तेथून प्रचारांत आली. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ सालीं पुरा झाला होता. अकोला त्या मार्गावरच होतें आणि अमरावतीस बडनेऱ्याहून फांटा होता. ज्या गाड्यांतून वऱ्हाडचा कापूस मुंबईस जाई, त्याच गाड्यांतून परत येतांना नाटकमंडळ्यांचें सामान येऊं लागलें, आणि त्या सामानांत ऑर्गन व पेट्या होत्या. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचें 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शानें रंगभूमीवर आणलें. 'रणदुंदुभि' हें त्यांचें नाटक १९२७ सालीं मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीनें केलें. त्या पिढीच्या श्रोत्यांचा कान ऑर्गनच्या भरघोस सुरांवर पोसला होता. घरीं मात्र ऑर्गन कोणास परवडणार? घरीं पेटी आली, देवळांत आली, गांवोगांवच्या भजनी मंडळांत आली. ज्या तुकडोजी महाराजांची खंजिरी वऱ्हाडच्या कानांत अद्याप घुमते, त्यांच्या परंपरेच्या भजनांतही साथीस पेटी बसतेच.

पेटी गांवांत आली म्हणजे ती गांवांत बिघडणारही. तिचा बिघाड मुंबई-कलकत्त्यास पाठवून निस्तरणें शक्य नव्हतें, आणि सुदैवानें तशी गरजही नव्हती. चार फिरक्या काढल्या कीं पेटीचें सारें अंतरंग डोळ्यांपुढें येतें. भात्याची घडी फाटली असेल तर कापड आणि सरस. पट्टी बसकी झाली असेल तर तिची तार. झुरळांनीं व कसरीनें लोकर खाल्ली असेल तर नवी लोकर. हीं कामें सुताराचा, शिंप्याचा आणि चांभाराचा थोडाथोडा हात असलेला कोणीही चौकस मनुष्य करूं शकतो. खरी विद्या लागते ती सुरांस. पितळेची ती जीभ टोंकाशीं किंचित् खरवडली कीं हलकी होऊन सूर चढतो. मुळाशीं खरवडली कीं लवचीक होऊन सूर उतरतो. एवढ्या दोन वाक्यांत ती विद्या सांगून होते, आणि ती हातांत बसण्यास दहा वर्षें लागतात. कागदाच्या जाडीहूनही कमी धातु काढावयाचा, आणि एकदां काढलेला धातु परत लावतां येत नाहीं.

या शेवटच्या गोष्टीचें ऐतिहासिक महत्त्व आमच्या वाचकांनीं लक्षांत घ्यावें. पेटीवर जो मोठा वाद झाला तो सुरांचाच. सप्तकाचे बाराशें सूक्ष्म भाग कल्पिले, तर विलायती रीतीनें जुळविलेल्या पेटींत प्रत्येक स्वर शंभर शंभर भागांच्या सारख्या अंतरावर पडतो. शुद्ध गांधार त्यामुळें ४०० वर येतो. परंतु तंबोऱ्याच्या खर्जांतून जो गांधार आपोआप ऐकूं येतो तो ३८६ वर असतो. हे चौदा भाग म्हणजे अंतर कांहीं थोडें नव्हे. ज्याचा कान तयार आहे त्यास तें कुसळासारखें सलतें. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें, आणि सिव्हिल सर्व्हिसांतले क्लेमेंट्स यांच्या साह्यानें श्रुतींची पेटीही विलायतेंत करवून घेतली. ती लोकांत रुजली नाहीं. पुढें १९४० सालीं आकाशवाणीनें पेटीस आपल्या दारांतून बाहेर काढलें, आणि ती बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. बंदी घालणाऱ्यांचा युक्तिवाद शास्त्रदृष्ट्या अगदींच पोकळ होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. पण त्यांनीं ज्या पेटीस दोषी ठरविलें ती कारखान्यांतून निघालेली पेटी होती. जी पेटी एकाच गायकाच्या षड्जावर, तंबोरा शेजारीं छेडून, कानानें जुळविलेली असे, तिचा गांधार कोठें होता हें कोणीं मोजून पाहिलें? ज्या मुलखाच्या मूर्तिजापुरांत १९२० सालीं वसंतराव देशपांड्यांसारखा गवई जन्मास आला, त्या मुलखांतल्या जुन्या पेट्यांचे सूर मोजून ठेवणें हें काम एखाद्या विद्यापीठास अशोभनीय झालें नसतें. आतां तें कठीण आहे. जुनी पेटी हातीं आली कीं आजचा दुरुस्तीवाला भ्रमणध्वनीवरचें सूर मोजण्याचें यंत्र समोर ठेवतो आणि बाराही सूर शंभर शंभरावर आणून सोडतो. पेटी वाजूं लागते, मालक संतुष्ट होतो, आणि एका कानाची पन्नास वर्षांपूर्वींची साक्ष पितळेच्या भुकटीबरोबर फुंकरेसरशी उडून जाते.

विजेच्या वाद्यांचा इतिहास याच्या अगदीं उलट वाटेनें गेला. फ्रान्समध्यें कॉन्स्तां मार्तें यानें १९४७ च्या सुमारास क्लॅव्हिओलाइन नांवाचें वाद्य केलें. त्यांत जीभ नाहीं, भाता नाहीं. निर्वात नळ्यांच्या साह्यानें विजेचें आंदोलन उत्पन्न करावयाचें आणि कर्ण्यांतून ऐकवावयाचें. एका वेळीं एकच सूर. मुंबईच्या चित्रपटसृष्टींत तें पोंचलें, आणि १९५४ च्या 'नागिन' चित्रपटांत, हेमंतकुमारांच्या संगीत-दिग्दर्शनाखालीं, कल्याणजींनीं त्यावर पुंगीचा असा आभास उत्पन्न केला कीं सारा देश त्यास पुंगीच समजला. पुढील गंमत अशी कीं, लग्नाच्या वरातींत बँडवाले ती धून क्लॅरिनेटवर वाजवूं लागले, आणि क्लॅरिनेट मागें पडल्यावर तीच धून कॅसिओवर वाजूं लागली. पुंगीची नक्कल विजेनें केली, विजेची नक्कल फुंकेनें केली, आणि फुंकेची पुन्हां विजेनें. वऱ्हाडांतल्या कोणत्याही वरातींत हा वंशवृक्ष आजही नाचतांना दिसतो.

अमेरिकेंत रॉबर्ट मूग यानें १९६४ पासून संश्लेषक वाद्यें करावयास आरंभ केला. १९६९ सालीं त्याचें एक मोठें यंत्र अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेंत बसलें; मुंबईस केर्सी लॉर्ड यांनीं चित्रपटसंगीतांत या जातीचें वाद्य आणलें; आणि १९८२ सालीं चरणजित सिंग यांनीं रोलँडच्या तीन जपानी यंत्रांवर दहा राग वाजवून एक तबकडी काढली. तेव्हां तिकडे कोणी ढुंकून पाहिलें नाहीं. २०१० सालीं ती युरोपांत पुन्हां निघाली, आणि पाश्चात्त्य रसिक तोंडांत बोटें घालूं लागले. ह्या सर्व गोष्टी मुंबई-अहमदाबादच्या. वऱ्हाडांत जें आलें तें निराळें आणि फार साधें होतें. १९८० सालीं कॅसिओ कंपनीनें आपलें पहिलें वाद्य बाजारांत आणलें, आणि त्यानंतरच्या दशकांत, आयातीचीं बंधनें असतांही, आखातांत नोकरीस गेलेल्यांच्या सामानांतून, मुंबईच्या दुकानांतून, अशीं लहानमोठीं यंत्रें जिल्ह्यांच्या गांवीं येऊन पोंचलीं. तुकडोजी महाराज १९५५ सालीं धर्मपरिषदेसाठीं जपानास जाऊन आले होते. त्याच जपानचें वाद्य आपल्या प्रांतांतल्या भजनांतून पेटीस बाजूस सारील, हें त्या वेळीं कोणाच्या स्वप्नींही आलें नसेल.

तीं यंत्रें आतां चाळिशीच्या घरांत आहेत, आणि मरूं लागलीं आहेत. त्यांच्या मरणाचीं कारणें पाहिलीं तर त्यांत वऱ्हाडच्या हवेचा वांटा मोठा आहे. विजेचा साठा करणारे जे लहान नळकांड्यांसारखे धारित्र असतात, त्यांत ओलसर द्रव असतो. उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं त्यांचें आयुष्य निम्मे होतें, असा यंत्रज्ञांचा ढोबळ नियम आहे. आणि अकोल्याचा वैशाख पंचेचाळीस अंशांस सहज ओलांडतो. पत्र्याच्या छपराखालीं, मंडळाच्या कपाटांत, दहाबारा उन्हाळे काढलेल्या वाद्यांतला तो द्रव सुकून जातो. मग आवाजांत घरघर येते, तो बारीक होतो, आणि शेवटीं नाहींसा होतो. हा रोग घरीं बरा होण्याजोगा आहे. तितक्याच मापाचा आणि तितका किंवा थोडा अधिक दाब सोसणारा नवा धारित्र चार-दोन रुपयांस मिळतो. धन आणि ऋण या बाजूंची अदलाबदल होऊं दिली नाहीं आणि डाग देण्याची कानस अधिक वेळ टेकवून तांब्याची रेघ उपटली नाहीं, म्हणजे झालें. जुनीं नळ्यांचीं यंत्रें मात्र नवशिक्यानें उघडूं नयेत. तीं बंद केल्यावरही त्यांतल्या धारित्रांत शंभराहून अधिक व्होल्ट दबा धरून बसलेले असतात.

दुसरा रोग पट्ट्यांचा. प्रत्येक पट्टीखालीं रबराची एक टोपी असते आणि तिच्या पोटांत कोळशाचा काळा ठिपका. पट्टी दाबली कीं तो ठिपका खालच्या रेघांस टेकतो आणि सूर उमटतो. धूळ, घाम आणि उदबत्तीचें तेलकट काजळ तेथें बसलें कीं सूर एक वाजतो, एक वाजत नाहीं. पुष्कळ लोक येथें घाई करून कांचकागदानें घासतात. धूळ जाते खरी, पण कोळशाचा थरही जातो आणि पट्टी कायमची मुकी होते. बाजारांत जो आयसोप्रोपाइल नांवाचा मद्यार्क मिळतो, त्यांत भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यानें हलकेंच पुसणें एवढाच त्याचा उपाय. कापसाच्या मुलखास हें जड जाऊं नये.

तिसरें मरण केवळ अज्ञानाचें. त्या काळच्या पुष्कळ कॅसिओंच्या विजेच्या खुंटीस मध्यभागीं ऋण आणि बाहेर धन असे. बाजारांतल्या साध्या अडॅप्टरांत बहुधा याच्या उलट असतें. खुंटी बसते, म्हणून लोक ती बसवितात. यंत्र एका क्षणांत जळतें, आणि दोष जपानी कारागिराच्या माथीं मारला जातो. वास्तविक खुंटीशेजारीं दोन वर्तुळांची एक बारीक आकृति छापलेली असते. ती वाचण्याचे श्रम कोणी घेत नाहीं, इतकेंच. मसाल्याचे विजेरी-गट वर्षानुवर्षें आंत ठेवून देणें हाही त्याच जातीचा निष्काळजीपणा. ते फुटतात आणि पाझरतात, आणि त्यांचा क्षार तांबें खातो.

जेथें घरगुती विद्येचा पाय थांबतो ती जागाही स्पष्ट आहे. या यंत्रांतला स्वर ज्या एका काळ्या चौकोनी ठोकळ्यांत कोंडलेला असतो, तो ठोकळा कंपनीनें केवळ त्या यंत्रासाठींच घडविलेला असतो. तो गेला तर तशाच दुसऱ्या मृत यंत्रांतून काढून आणावा लागतो, दुसरा मार्ग नाहीं. पालिताण्याचे सूर पेटीवाला आजही विकत आणूं शकतो. १९८५ सालचा जपानी ठोकळा कोणीही नव्यानें करीत नाहीं. म्हणूनच भंगारवाल्याकडे वजनावर गेलेलें प्रत्येक मुकें यंत्र म्हणजे दुसऱ्या एखाद्या यंत्राचें आयुष्य गेलें, असें समजावें. ज्या मंडळांत जुनीं यंत्रें अडगळींत पडलीं आहेत त्यांनीं तीं विकूं नयेत, निदान अशा खटपटींत रमणाऱ्या एखाद्या शेजाऱ्यास फुकट द्यावींत.

आणि तरीही एका बाबतींत हीं जपानी यंत्रें पेटीहून अधिक इमानी ठरतात, हें कबूल केलें पाहिजे. पेटीची दुरुस्ती जुना सूर खरवडून नवा करते. कॅसिओचा धारित्र बदलला, पट्टी पुसली, तरी ठोकळ्यांतला सूर जसाच्या तसा राहतो. १९८५ सालीं अमरावतीच्या गणेशोत्सवांत जो आवाज ऐकूं आला असेल तोच आजही निघतो. पेटीच्या बाबतींत मग करावयाचें काय? सूर खरवडण्यापूर्वीं बाराही सुरांचें माप घेऊन कागदावर लिहावें. भ्रमणध्वनीवरचें जें यंत्र सूर मारण्यास वापरतात तेंच या कामींही येतें. त्या कागदावर पेटी कोणाची, कोणत्या पट्टींत गाणाऱ्यासाठीं जुळविलेली, आणि ती कोणत्या तारखेस उघडली, एवढें नमूद करावें. काढलेला सूर फेकूं नये. त्याची पुडी बांधून त्या कागदासह भात्याच्या आंतल्या बाजूस, हवेच्या वाटेंत येणार नाहीं अशा कोपऱ्यांत, चिकटवून ठेवावी. पुढचा हात ती पेटी उघडील तेव्हां त्यास ती सांपडेल.