वजन घटवणे : खानदेशी ताट, उष्मांक आणि व्यायाम

वजन घटवणे : शरीरात साठलेली जादा चरबी कमी करून वजन प्रकृतीला मानवेल इतके खाली आणणे आणि पुढे ते तसेच राखणे. रोज जेवढे उष्मांक खर्च होतात त्याहून थोडे कमी पोटात जातील असा आहार आणि जोडीला नियमित व्यायाम, हा त्याचा सर्वांत निर्धोक मार्ग. घटायची असते ती चरबी. स्नायू, हाडांची बळकटी आणि रक्तातले लोह घटवून आलेला हलकेपणा हा तोटाच असतो. काट्यावरचा आकडा किती वेगाने उतरला यापेक्षा उतरले ते काय, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे.

ही नोंद जळगाव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यातील पहूर आणि त्यासारखी खानदेशातली बाजाराची गावे डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. वाघूर नदीकाठचे पहूर पेठ आणि कसबे अशा दोन ग्रामपंचायतींत वाटलेले आहे. जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा महामार्ग आणि जामनेर-पाचोरा रस्ता इथे एकमेकांना भेटतात. अशा गावात शिवारात दिवसभर कापूस वेचणारी बाई आणि दुकानाच्या गल्ल्यावर दिवसभर बसणारा माणूस एकाच गल्लीत राहतात. दोघांच्या घरी भाजी तेवढ्याच तेलात फोडणीला पडते. भारतीय वैद्यक संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार अंगमेहनतीचे काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीला दिवसाला सुमारे २,७२० किलोकॅलरी लागतात, बैठे काम करणारीला १,६६०. पुरुषांसाठी (वजन ६५ किलो) हेच आकडे ३,४७० आणि २,११० आहेत. शेत सुटले, मोटारसायकल आली, पण ताट मात्र नांगरामागे चालणाऱ्याचेच राहिले. खानदेशातल्या पोटाच्या घेराचे बरेचसे मूळ या तफावतीत आहे.

वजन कोणी घटवावे : उंची व वजन यांवरून काढलेला देहभार निर्देशांक (किलोमधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) भारतीयांसाठी २३ च्या पुढे गेला की वजन जादा आणि २५ च्या पुढे गेला की स्थूलता, असे भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये ठरवले. पाश्चात्त्य देशांत स्थूलतेची हीच रेघ ३० वर आहे. आपल्यासाठी ती खाली ओढण्याचे कारण पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून चांगले समजते. २००४ साली त्यांनी आणि ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच माप छापले. दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. दिसायला सडपातळ, आतून चरबीचा, असा हा आपल्याकडचा देह. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे आलेली माणसे कोणत्याही एस. टी. स्थानकावर दिसतील. मधुमेहाचा धोका त्यांना धिप्पाड माणसाइतकाच असू शकतो.

म्हणून काट्याबरोबर शिंप्याची टेपही हवी. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंमी.पेक्षा आणि स्त्रीचा ८० सेंमी.पेक्षा जास्त असेल, तर लक्ष द्यायला हवे. तीस वर्षांवरील व्यक्तींच्या तपासणीसाठी आशाताई घरोघर जो अर्ज भरतात त्यात वय, तंबाखू, दारू, घरातला मधुमेह-रक्तदाब आणि आठवड्यातली हालचाल यांबरोबर हा घेरही विचारला जातो. या उत्तरांच्या गुणांची बेरीज ४ पेक्षा जास्त झाली, की त्या व्यक्तीला आधी तपासणीला बोलावतात. ही मोजणी उपकेंद्रात फुकट होते. पोटाचा घेर दाखवायला संकोच करू नये.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण–५ (२०१९–२१) नुसार देशातल्या २४ टक्के स्त्रियांचा निर्देशांक २५ किंवा त्याहून जास्त होता आणि १८.७ टक्के स्त्रियांचा १८.५ हूनही कमी. ज्यांचे वजन मुळात योग्य किंवा कमी आहे त्यांनी लग्नकार्यासाठी, फोटोसाठी वजन उतरवणे हा अपाय आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढीच्या वयातली मुले यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय आहार कमी करू नये.

उष्मांकांचा हिशेब : एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा प्रथिने यांतून सुमारे ४ आणि एक ग्रॅम तेल-तुपातून ९ किलोकॅलरी मिळतात. बाकी सगळा हिशेब या दोन आकड्यांवर उभा आहे.

शेवभाजी घ्या. महामार्गावरच्या कुठल्याही ढाब्यावर मिळणारा, खानदेशाचा लाडका पदार्थ. एका ताटात ६० ग्रॅम शेव धरली तर तिच्या सुमारे ३३० किलोकॅलरी झाल्या. वर तरंगणारी लाल तर्री २५ ग्रॅम तेलाची असेल तर आणखी २२५. भाकरीचा घास मोडण्याआधीच साडेपाचशे झाले! याउलट वांग्याचे भरीत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पाव किलो भाजलेल्या वांग्यात जेमतेम ६०–७० किलोकॅलरी असतात. हिवाळ्यात शेतात काड्यांच्या जाळावर वांगी भाजून, मिरची-लसूण ठेचून जे भरीत होते ते वजन उतरवणाऱ्यासाठी सोन्यासारखे अन्न आहे, फक्त वरून ओतलेली तेलाची पळी आणि सोबतच्या पुऱ्या आवरल्या पाहिजेत. भरिताबरोबर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी खावी. ज्वारीच्या प्रथिनात लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते आणि उडदात ते भरपूर असते. ही दोन धान्ये एकत्र दळणाऱ्या आयाबायांनी प्रथिनांची जोड नेमकी साधली होती.

आता एक उदाहरण. उंची १६५ सेंमी., वजन ७८ किलो, दिवसभर दुकानात बसणारा पुरुष. निर्देशांक साधारण २८.६. याला रोजच्या आहारातून ५०० किलोकॅलरी कमी करायच्या आहेत. तो चार चहा पितो, प्रत्येकात दोन चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर. ती निम्मी केली की ८० कमी झाल्या. स्वयंपाकातले त्याच्या वाट्याचे तीन लहान चमचे तेल (१५ ग्रॅम) कमी केले की १३५. संध्याकाळी टपरीवर उभ्या उभ्या खाल्ली जाणारी ५० ग्रॅम शेव सोडली की २७५. एकूण ४९० झाल्या आणि एकाही भाकरीला हात लागला नाही. डायट म्हटले की पहिला घाव भाकरीवर घालायची आपल्याकडे रीत पडली आहे. ती चुकीची आहे. साठ-सत्तर ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत २०० ते २३० किलोकॅलरी असतात, शिवाय चोथा भरपूर, त्यामुळे पोट लवकर भरते. भाकरी सोडून मुठीमुठीने केळीचे वेफर्स खाणारा माणूस स्वतःचे नुकसान करून घेतो. शंभर ग्रॅम वेफर्समध्ये पाचशेच्या वर किलोकॅलरी असतात, तर एका मध्यम केळ्यात शंभराच्या आसपास. मधुमेह नसेल तर जळगावच्या माणसाने दिवसाला एक केळे खायला काहीच हरकत नाही.

घरातले तेल मोजायची सोपी रीत म्हणजे महिन्याच्या पिशव्या मोजणे. पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक ताटात २,००० किलोकॅलरींच्या आहारासाठी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. चार मोठ्या माणसांच्या घरात ते महिन्याला साडेतीन लिटरच्या आसपास होते. त्याहून जास्त पिशव्या संपत असतील, तर वजन घटवण्याची सुरुवात फोडणीपासून करावी. वरण-बट्टीतल्या बट्ट्या उकडल्यावर तळण्याऐवजी तव्यावर परताव्यात. कानबाईच्या रोटांना किंवा आखाजीच्या पुरणपोळीला नाही म्हणण्याचे कारण नाही. सणाचे जेवण वर्षातून मोजके असते, पोटावर चढते ते रोजचे.

उपवासाचा मात्र विचार हवा. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात प्रथिने नावालाच. शेंगदाण्याचे कूट आणि तूप घातलेली ताटलीभर खिचडी नेहमीच्या जेवणाइतके किंवा जास्तच उष्मांक देते. श्रावणात आणि नवरात्रात वजन वाढल्याची तक्रार यातूनच येते. भगर, ताक, फळे यांवर केलेला उपवास हलका जातो. मधुमेहाच्या ज्या गोळ्यांनी साखर खाली जाऊ शकते त्या (उदा., ग्लिमेपिराइड) किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी एकादशी असो वा रमजानचे रोजे, डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घेतल्याशिवाय उपाशी राहू नये. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे दिसताच उपवास मोडून साखर खावी.

वेग : आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक किलो. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरलेले दिसतात तेव्हा त्यात बराचसा भाग पाण्याचा असतो; यकृतात व स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन खर्च होताना त्याला बांधलेले पाणी बाहेर जाते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० किलोकॅलरी, हा आकडा हिशेबाला बरा. पण देह हलका होत जातो तसा त्याचा खर्चही घटतो, त्यामुळे काही महिन्यांनी काटा अडतो. तेव्हा निराश होऊन सोडून देऊ नये आणि उपासमारही करू नये. साधारणपणे स्त्रीने १,२०० आणि पुरुषाने १,५०० किलोकॅलरींच्या खाली स्वतःच्या मनाने जाऊ नये. दिवसाला ८०० हून कमी उष्मांकांचे आहार फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जातात. वजन झपाट्याने उतरले की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, केस गळतात, स्नायू झिजतात. अतिउपासमार मनालाही पोखरते. मिनेसोटा विद्यापीठात १९४४–४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगात निम्म्या आहारावर ठेवलेली धडधाकट तरुण माणसे खिन्न, चिडचिडी झाली आणि त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरा विचार उरला नाही.

पहिले उद्दिष्ट सध्याच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के इतकेच ठेवावे. वरच्या उदाहरणातल्या दुकानदारासाठी ते ४ ते ५ किलो होते. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधुमेह-प्रतिबंध अभ्यासात सुमारे ७ टक्के वजनघट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम एवढ्या उद्दिष्टावर मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या भारतीय अभ्यासात आहार-व्यायाम करणाऱ्यांचे वजन फारसे उतरले नाही, तरी मधुमेहाचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झाले. काटा हलला नाही म्हणून चालणे सोडणाऱ्यांना हा निष्कर्ष आवर्जून सांगायला हवा.

महाराष्ट्रात वजन हा विषय घराघरांत नेला तो डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांच्या विचारावरून त्यांनी मांडलेली पद्धत दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवायला आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायला सांगते. गोड चहा, बिस्किटे, फरसाण ही अधलीमधली तोंडी लावणी आपोआप सुटतात, हा तिचा खरा फायदा. मात्र जेवणाच्या वेळा आवळल्याने काही जादू होत नाही. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर चाललेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेळ बांधून कमी उष्मांक खाणारे आणि वेळ न बांधता तेवढेच कमी खाणारे यांच्या वजनघटीत लक्षणीय फरक आढळला नाही. ज्याला जी शिस्त वर्षभर पाळता येईल ती त्याची.

व्यायाम : जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सुचवते. ६५ किलोचा माणूस ताशी ५ किमी. वेगाने तासभर चालला, तर सुमारे २३० किलोकॅलरी खर्च होतात. परतताना खाल्लेल्या एका कचोरीत तेवढ्या सहज भरून येतात. केवळ चालून पोट उतरत नाही ते यामुळेच. तरीही चालणे हवेच, कारण त्याने रक्तातली साखर, रक्तदाब, झोप सुधारते आणि उतरलेले वजन टिकवायला मदत होते.

पहूरसारख्या गावी महामार्गाच्या कडेने अंधारात चालणे धोक्याचे. शिवाररस्ता किंवा शाळेचे पटांगण बरे. एप्रिल-मे महिन्यांत जळगावचा पारा ४४–४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा सकाळी आठच्या आत चालून घ्यावे. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, इतका वेग पुरे. गुडघे दुखत असतील तर एकदम अर्धा तास न चालता दहा-दहा मिनिटे तीनदा चालावे. बाहेर पडायची सोय नसलेल्या स्त्रियांना घरात खुर्चीवरून उठाबशा, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे इतके करता येते. तालमीतले जोर-बैठका आणि औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्यांचा हिरिरीने प्रसार केला ते सूर्यनमस्कार हे स्नायूंच्या व्यायामाचे देशी प्रकार आहेतच. वजन घटत असताना स्नायू टिकवायचे तर या व्यायामांबरोबर प्रथिनेही हवीत. दर किलो वजनामागे साधारण एक ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. डाळ, मठ, चवळी, ताक, अंडी यांतून ते परवडते. महाग डब्यातली भुकटी लागत नाही. शेतात राबणाऱ्या बाईला मात्र वेगळे चालायला सांगू नये. तिचे वजन वाढले असेल तर तिची झोप, तिचा थायरॉइड आणि दिवसभर उपाशी राहून रात्री एकदाच भरपेट जेवण्याची सवय आधी पाहावी.

औषधे : टिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमॅग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतात आले. ही इंजेक्शने भूक कमी करतात आणि वजन ठळकपणे उतरवतात. पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची, आणि बंद केल्यावर वजन बहुधा पुन्हा वाढू लागते. मटक्यासारख्या आश्वासनांच्या ‘सात दिवसांत सात किलो’ छापाच्या चूर्णांना मात्र हात लावू नये. त्यांत रेचके किंवा लेबलवर न छापलेली औषधे असू शकतात.

छातीत दुखणे, थोड्या चालण्याने धाप लागणे, चक्कर ही लक्षणे असतील तर व्यायाम सुरू करण्याआधी तपासणी आवश्यक. आणि काहीही न करता सहा ते बारा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरले, तर त्याला वजन घटवणे म्हणत नाहीत. मधुमेह, क्षयरोग, थायरॉइडचा विकार, कर्करोग यांपैकी काही आहे का ते पाहावे लागते. दोन आठवड्यांहून जुना खोकला सोबत असेल तर थुंकीची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते आणि क्षय निघाल्यास औषधेही तिथेच मोफत मिळतात.